नव्या नगरसेवकांसाठी: विकास आराखडा आणि अंदाजपत्रकात आपलं काम कुठून सुरू करायचं

निवडून आल्यावर पहिले दोन महिने माझ्याकडे आलेली प्रत्येक तक्रार मी एका वहीत लिहून ठेवत होते. तुंबलेलं गटार, बंद पडलेला दिवा, नळाला येणारं गढूळ पाणी, गल्लीत न शिरणारी घंटागाडी. शंभरावर नोंदी झाल्या, पण त्यात विकास आराखड्याबद्दल एकही नव्हती. आणि नेमक्या त्याच काळात आमच्या नगरपरिषदेत पुढच्या वीस वर्षांचा आराखडा तयार होत होता. शाळा कुठे होणार, मैदान कुठे राहणार, कुठल्या घरांवरून रस्ता जाणार, हे सगळं त्यात ठरत होतं.

माझी पाच वर्षं संपली तेव्हा वाटलं, हे कुणीतरी पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. बऱ्याच महापालिका आणि नगरपरिषदांची मुदत २०२२ च्या आसपास संपली, त्यानंतर काही वर्षं प्रशासकच कारभार बघत होते. त्यामुळे आता सभागृहात आलेल्या अनेकांच्या शेजारी बसणारा सदस्यही नवाच आहे. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. यातलं सगळं महाराष्ट्रापुरतं आहे.

१. आपला अधिकार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो

तीन कायद्यांची नावं पाठ असू द्या. नगरपरिषद किंवा नगरपंचायत असेल तर १९६५ चा नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम. महापालिका असेल तर १९४९ चा महानगरपालिका अधिनियम (मुंबईला मात्र १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे). आणि नियोजनासाठी सगळ्यांना समान असा १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. कार्यालयात त्याला सगळे 'एमआरटीपी' म्हणतात.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. तिच्यातल्या अठरा विषयांत पहिलाच विषय नगर नियोजनाचा आहे. म्हणजे नियोजन हे आपलंच काम. पण नगरसेवक एकटा काहीही मंजूर करू शकत नाही. अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे किंवा मुख्याधिकाऱ्यांकडे असतात, धोरण आणि पैशाचे निर्णय सभेचे, आणि विकास आराखड्याला अंतिम मंजुरी राज्य शासनाची. सभेने केलेला ठरावही बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध ठरला तर थांबतो. नगरपरिषदेत जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली तो स्थगित करू शकतात, महापालिकेत शासन कलम ४५१ खाली.

हे वाचून निराश होऊ नका. आपलं बळ हुकूम देण्यात नाही, पण योग्य टप्प्यावर योग्य गोष्ट कागदावर आणण्यात नक्की आहे. टप्पा उलटून गेला की तीच मागणी पाचपट कष्टाची होते. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत मी हेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

२. पहिल्या महिन्यात गोळा करायचे कागद

नगररचना, बांधकाम, लेखा आणि सभा कामकाज या विभागांकडून लेखी मागणी करून हे मिळवा:

- मंजूर विकास योजनेचा (विकास आराखड्याचं कायद्यातलं नाव) नकाशा, अहवाल आणि आरक्षणांची, म्हणजे शाळा, मैदान अशा सोयींसाठी राखलेल्या जागांची, यादी (क्रमांक, क्षेत्र, प्रयोजन आणि आजची स्थिती यांसह)
- आपल्या प्रभागाचा भाग नकाशा, मोठ्या प्रमाणातला
- योजना कुठल्या तारखेपासून अमलात आली ती अधिसूचना
- चालू वर्षाचं आणि मागच्या दोन वर्षांचं अंदाजपत्रक
- प्रभागातल्या चालू कामांची यादी: कार्यारंभ आदेशाची तारीख, रक्कम, मुदत
- मागच्या वर्षभराच्या सभांची इतिवृत्तं
- आरक्षित जागांचे सातबारा उतारे किंवा मालमत्ता पत्रकं
- नदी किंवा मोठा नाला असेल तर जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषांचा नकाशा
- बांधकामाची नियमावली. मुंबई आणि काही वगळलेली क्षेत्रं सोडली तर राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत नियमावली लागू आहे, तिला 'युडीसीपीआर' म्हणतात

प्रत्येक पत्राची पोच घ्या आणि तिच्यावर आवक क्रमांक टाकून घ्या. 'साहेब, जरा बघा' असं तोंडी सांगितलेलं काम पुढच्या बदलीबरोबर विसरलं जातं. सदस्य म्हणून मागूनही कागद मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करायला कमीपणा मानू नका. तिथे तीस दिवसांचं बंधन असतं.

३. नकाशा हातात घेऊन प्रभाग चाला

नकाशावरची रंगसूची आधी वाचा. पिवळा म्हणजे निवासी, हिरवा म्हणजे शेती किंवा मोकळी जागा, एवढं साधारण सगळ्यांना माहीत असतं. गोंधळ होतो तो अस्तित्वातला रस्ता आणि प्रस्तावित रस्ता यांच्या रेषांत. कनिष्ठ अभियंत्याला आणि नगररचना विभागातल्या एखाद्या सहायकाला सोबत घ्या आणि गट नंबर किंवा नगर भूमापन क्रमांक बघत प्रत्येक आरक्षणापाशी थांबा. जागा मोकळी आहे का, ताबा कुणाचा आहे, अतिक्रमण किती आहे, हे तिथेच लिहून घ्या.

आमच्या प्रभागात एक ओढा आहे. सर्वेक्षण करणारे एप्रिलमध्ये आले असणार, कारण नव्या नकाशात त्या जागी नुसती मोकळी पट्टी होती, पाण्याची निळी रेघ नव्हती. मी काठच्या वस्तीत गेले. तिथल्या एका आजींनी घरात नेऊन भिंत दाखवली. माझ्या कमरेइतक्या उंचीवर मातकट ओल्या डागाची सरळ रेघ होती आणि पिठाचा डबा तिच्या वर फळी ठोकून ठेवलेला होता. "दर दोन वर्साला डबा हितवर चढवायचा, बाई," त्या म्हणाल्या. त्या भिंतीचा फोटो, पावसाळ्यातले वस्तीतल्या मुलांच्या मोबाइलमधले फोटो, गट नंबर आणि शेजारच्या बारा घरांच्या सह्या असं जोडून पत्र दिलं. ओढा नकाशावर आला. नसता आला तर त्या पट्टीत घरं बांधायला परवानगी मिळाली असती.

पूररेषांचं थोडक्यात: निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतली जागा मोकळीच राहायला हवी. कुणी कितीही गळ घातली तरी तिथे निवासी वापराची शिफारस करू नका.

४. आराखडा कुठल्या टप्प्यावर आहे ते ओळखा

विकास योजना साधारण वीस वर्षांनी सुधारायची असते. तुमच्या पाच वर्षांत ते काम चालू असेल किंवा नसेल. चालू असेल तर क्रम असा असतो:

पहिल्यांदा पालिका आराखडा तयार करण्याचा *इरादा* जाहीर करते (कलम २३). मग *विद्यमान जमीन वापर नकाशा* होतो (कलम २५), म्हणजे आज जमिनीवर प्रत्यक्षात काय आहे त्याची नोंद. त्यावरून *प्रारूप आराखडा* तयार होऊन प्रसिद्ध होतो आणि लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या जातात (कलम २६). हरकतींवर *नियोजन समिती* सुनावणी घेते (कलम २८). तिच्यात पालिकेचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले चारपर्यंत तज्ज्ञ असतात. समितीचा अहवाल पालिकेपुढे येतो, त्यानुसार बदल करून आराखडा शासनाकडे जातो (कलम ३०) आणि शासन तो पूर्ण, काही भाग वगळून किंवा बदल करून मंजूर करतं (कलम ३१).

बहुतेक नवे सदस्य हरकतींच्या टप्प्यावर जागे होतात, कारण तेव्हा लोक घरी येऊ लागतात. माझं मत असं की सगळ्यात मोलाचा टप्पा त्याच्या आधीचा, जमीन वापर नकाशाचा. पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहतं, आणि हा नकाशा तुमच्या टेबलावर आपणहून येत नाही. तो मागावा लागतो.

मुंबईचं उदाहरण बघा. शहराचा २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अस्तित्वातल्या वास्तू आणि जागांच्या नोंदीत इतक्या चुका निघाल्या की एप्रिलमध्ये तो नव्याने करायचे आदेश निघाले. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आलं आणि आराखडा लागू व्हायला सप्टेंबर २०१८ उजाडला. सर्वेक्षण चुकलं की काय होतं ते यात दिसतं.

आणि पुण्याचं. कायद्याने प्रत्येक टप्प्याला मुदत असते. पुणे महापालिकेकडून जुन्या हद्दीचा आराखडा वेळेत पुढे गेला नाही म्हणून शासनाने मार्च २०१५ मध्ये तो आपल्या हाती घेतला, त्रिसदस्यीय समिती नेमली आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजुरी दिली. सभेने विषय तहकूब करत राहायचं आणि नंतर 'आमचं ऐकलं नाही' म्हणायचं, याचा उपयोग होत नाही. मुदत गेली की निर्णय सभागृहाबाहेर जातो.

हरकतींच्या काळात नगरसेवकाने काय करायचं?

जाहिरात निघाली त्याच दिवशी तिच्यातली शेवटची तारीख लिहून घ्या आणि आपल्या प्रभागात फलकावर लावा. नकाशाचा आपल्या भागाचा तुकडा मोठा छापून समाजमंदिरात किंवा शाळेत चार दिवस ठेवा. लोकांना सांगा की शंभर जणांनी एकच छापील हरकत देण्यापेक्षा ज्याच्या जागेवर परिणाम होतो त्याने आपला गट नंबर, क्षेत्र, आजचा वापर आणि नेमका कुठला बदल हवा ते लिहावं. 'हे आरक्षण रद्द करा' एवढंच लिहिलेल्या अर्जावर सुनावणीत बोलायला काही उरत नाही. 'मैदानाचं आरक्षण वस्तीवरून काढून शेजारच्या शासकीय गटावर दाखवा, तिथे पुरेसं क्षेत्र आहे' असं लिहिलं तर समितीला विचार करावाच लागतो. सुनावणीला माणूस हजर राहील याची जबाबदारी तुम्ही घ्या. मजुरीला जाणाऱ्यांना सकाळी अकराची नोटीस कामाला येत नाही. त्यांना आदल्या रात्री आठवण करावी लागते, कधी आपणच सोबत जावं लागतं.

एक सावधगिरी. या काळात जमीनमालक, मध्यस्थ, बांधकाम व्यावसायिक सगळे भेटायला येतात. एकट्याने भेटू नका, आणि जे काही म्हणणं असेल ते लेखी द्यायला सांगा. तुमची किंवा घरच्यांची जमीन एखाद्या प्रस्तावात येत असेल तर ते सभेत सांगून त्या विषयापुरतं चर्चेतून आणि मतदानातून बाजूला व्हा.

आराखडा आधीच मंजूर झालेला असेल तर मधल्या काळात बदल करण्याचा रस्ता म्हणजे कलम ३७ चा फेरबदल. त्यातही सभेचा ठराव, हरकती-सूचना आणि शासनाची मंजुरी लागते. मात्र त्याने आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता येत नाही. अशा फेरबदलाचा विषय सभेपुढे आला की सर्वात आधी विचारा, हे आरक्षण उठल्यावर या वस्तीसाठी ती सोय दुसरीकडे कुठे होणार आहे?

५. आरक्षणं व्यपगत होऊ देऊ नका

हा भाग मी सावकाश लिहिते आहे, कारण इथे माझ्या डोळ्यांदेखत एक बाग गेली.

आरक्षण म्हणजे पालिकेची मालकी नव्हे. जमीन खासगीच असते. पालिकेने ती संपादित करायची असते, म्हणजे रोख मोबदला देऊन, हस्तांतरणीय विकास हक्क (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन, किंवा भूसंपादनाच्या कायद्याने. योजना अमलात येऊन दहा वर्षं झाली आणि जमीन घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली 'जमीन घ्या' अशी नोटीस देऊ शकतो. सगळे तिला 'परचेस नोटीस' म्हणतात. त्यानंतर चोवीस महिन्यांत पालिकेने संपादनाची खरी पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे कायद्याने संपतं. 'खरी पावलं' म्हणजे काय यावर सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केलं की नुसता ठराव करणं किंवा प्रस्ताव पाठवल्याचं पत्र लिहिणं पुरत नाही, संपादनाची प्रत्यक्ष कार्यवाही व्हायला हवी.

आमच्याकडे बागेचं आरक्षण असलेल्या जागेची अशी नोटीस आली होती. ती एका फाइलमध्ये राहिली. मी त्या बागेबद्दल सभेत दोनदा तळमळीने बोलले होते, पण लेखी काही दिलं नव्हतं आणि इतिवृत्तात माझ्या बोलण्याची एक ओळही नव्हती. नोटिशीबद्दल आम्हाला कळलं तेव्हा मुदत संपून गेली होती. आज तिथे इमारत आहे. तिच्यासमोरून जाताना मला अजून त्रास होतो.

म्हणून आजच एक तक्ता करा. आरक्षण क्रमांक, प्रयोजन, क्षेत्र, योजना अमलात आल्याची तारीख, दहा वर्षं कधी होतात, परचेस नोटीस आली का, आली असल्यास कुठल्या तारखेला, मोबदल्याची तरतूद आहे का. दर तीन महिन्यांनी नगररचना विभागाला लेखी विचारा: 'माझ्या प्रभागातील आरक्षणांबाबत या तिमाहीत कलम १२७ ची सूचना प्राप्त झाली आहे काय?' एका ओळीचं हे पत्र आहे. उत्तर 'निरंक' आलं तरी ते जपून ठेवा.

सगळी आरक्षणं विकत घेण्याइतका पैसा कुठल्याच लहान पालिकेकडे नसतो. तेव्हा क्रम लावावा लागतो. माझा क्रम असा होता: आधी दवाखाना आणि शाळा, मग मैदान, मग बाकीचं, आणि यात ज्याची मुदत जवळ आली आहे ते सर्वांच्या पुढे. तुमच्या प्रभागाची गरज वेगळी असू शकते, पण क्रम लिहून सभेत मांडलेला असला की निर्णय ऐनवेळच्या दबावावर होत नाहीत.

६. अंदाजपत्रकात आपलं काम बसवणं

आराखड्यात रेघ असली आणि अंदाजपत्रकात पैसे नसले तर रस्ता होत नाही. अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये सभेपुढे येतं आणि वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, पण खरी मांडणी त्याआधी, नोव्हेंबर-डिसेंबरात होते. तेव्हाच विभागप्रमुख आपापल्या मागण्या लेखा विभागाला देतात. तुमची कामांची यादी दिवाळीनंतर लगेच गेली पाहिजे.

यादी देताना प्रत्येक कामासाठी स्थळपाहणी करून घ्या, अंदाजे रक्कम काढून घ्या आणि कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कुठल्या खात्यातून, खर्च होईल ते लिहा. 'प्रभागात विविध ठिकाणी काँक्रिटीकरण करणे' अशी मोघम कामं देऊ नका. कुठल्या घरापासून कुठल्या चौकापर्यंत, किती मीटर, ते लिहा. मोघम शीर्षकाचं काम भलत्याच गल्लीत जाऊ शकतं आणि तुम्हाला बोलता येत नाही.

अंदाजपत्रकाचं पुस्तक जाडजूड असतं. सगळं वाचायचा धीर होत नसेल तर निदान हे बघा:

*मागील दायित्व.* आधीच्या वर्षांत दिलेली पण न भागलेली कामं. नव्या तरतुदीतला मोठा भाग यातच जातो. एक कोटीची तरतूद दिसते, पण सत्तर लाखांची बिलं आधीच उभी असतील तर नव्या कामाला तीसच राहतात.

*टोकन तरतूद.* काम यादीत दिसावं म्हणून अगदी किरकोळ रक्कम ठेवलेली असते. लोकांना 'आपलं काम बजेटमध्ये आलं' असं सांगण्याआधी रक्कम वाचा.

*उत्पन्नाचे आकडे.* मालमत्ता कराची मागणी आणि प्रत्यक्ष वसुली यांत किती अंतर आहे ते मागच्या दोन वर्षांवरून बघा. उत्पन्न फुगवून दाखवलं असेल तर खर्चाची बाजू कागदावरच राहणार.

*वर्गीकरण.* वर्षाच्या मध्यात एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडे वळवण्याचे प्रस्ताव येतात. तुमच्या शाळेच्या दुरुस्तीचे पैसे असे निघून जातात आणि विषयपत्रिकेवर ती एक रुक्ष ओळ असते.

*राखीव हिस्से.* महिला व बालकल्याण आणि दिव्यांग कल्याण यांसाठी प्रत्येकी पाच टक्के खर्चायचे असतात. ते मार्चअखेर घाईने वस्तू वाटपात संपवले जातात असा माझा अनुभव आहे. एप्रिलमध्येच योजना ठरवून घ्या. मी पहिल्या वर्षी हे केलं नाही, पुढच्या वर्षी केलं, आणि त्यातून बाजारपेठेत महिलांसाठी स्वच्छतागृह झालं.

लोकांना यात घ्यायचं असेल तर पुणे महापालिकेचा नमुना आहे. तिथे २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांकडून कामं मागवण्याची पद्धत सुरू झाली. तुमच्या पालिकेत तशी पद्धत नसली तरी यादी पाठवण्याआधी आपल्या पातळीवर लोकांना एकत्र बसवायला कुणाची परवानगी लागत नाही. क्षेत्रसभेची, म्हणजे भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूदही कायद्यात आहे, ती वापरा. बैठक रविवारी संध्याकाळी ठेवा, आणि बायकांची वेगळी घ्या. एकत्र बैठकीत पुरुष रस्ते मागतात. बायका एकट्या असल्या की पाण्याची वेळ, दिवे आणि शौचालयं बाहेर येतात.

७. सभेत बोलणं आणि नोंदवणं

विषयपत्रिका हातात आली की प्रत्येक विषयाची कार्यालयीन टिपणी वाचा. टिपणी जोडलेली नसेल तर मागा. जो विषय कळला नाही त्यावर हात वर करू नका.

दुरुस्ती हवी असेल तर उपसूचना लिहून द्या, सूचक-अनुमोदकाच्या सह्यांसह. विरोध असेल तर 'माझा विरोध नोंदवावा' असं म्हणून कारण लेखी पीठासनाकडे द्या. इतिवृत्त पुढच्या सभेत कायम होतं, त्याआधी ते वाचून चूक असल्यास तिथेच हरकत घ्या. एकदा कायम झाल्यावर तुम्ही काय बोललात याला काही आधार राहत नाही.

'आयत्या वेळचे विषय' यांच्यावर नजर ठेवा. तातडीचं काही असतं तेव्हा ठीक, पण जमिनीचा, फेरबदलाचा किंवा मोठ्या खर्चाचा विषय असा आला तर तो रीतसर विषयपत्रिकेवर आणावा असं लेखी म्हणा.

प्रभागात बहुतेक ठिकाणी एकापेक्षा जास्त सदस्य असतात, महापालिकेत सहसा चार, नगरपरिषदेत सहसा दोन. पक्ष वेगळे असले तरी कामांची यादी एकत्र द्या. दोघांनी एकाच रस्त्याची दोन वेगळी पत्रं दिली तर दोन्ही पत्रं अडकतात. आम्ही दोघांनी पहिलं वर्ष असंच घालवलं.

८. पालिकेबाहेरचा पैसा

स्वतःच्या उत्पन्नातून मोठी कामं होत नाहीत. वित्त आयोगाचं अनुदान, नगरोत्थान महाअभियान, वस्ती सुधार योजना, पाण्यासाठी अमृत, स्वच्छतेसाठी स्वच्छ भारत अभियान (नागरी), असे बाहेरचे मार्ग आहेत. बंधित अनुदान ठरलेल्या कामांवरच खर्च करता येतं, ते रस्त्याला मागू नका. जिल्हा स्तरावरचा पैसा जिल्हा नियोजन समितीतून येतो. तिच्यावर पालिकांमधून निवडून गेलेले सदस्यही असतात, ते कोण आहेत ते शोधा आणि त्यांना भेटा.

प्रस्ताव तयार नसल्यामुळे संधी जाते, हे मी अनेकदा पाहिलं. निधी येतो आणि आठ दिवसांत प्रस्ताव मागतात. ज्या प्रभागाची जागेची मालकी स्पष्ट आहे, मोजणी नकाशा आणि एस्टिमेट हातात आहे, त्याचं काम पुढे जातं. दोन कामांची कागदपत्रं कायम तयार ठेवा.

९. काम सुरू झाल्यावर

तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश असा प्रवास करून काम जमिनीवर येतं. कार्यारंभ आदेशाची आणि एस्टिमेटची प्रत घ्या. कामाच्या ठिकाणी फलक लावायला लावा: कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत आणि दोषदायित्व कालावधी. तो कालावधी संपेपर्यंत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. बहुतेक लोकांना हे माहीत नसतं आणि पालिका पुन्हा पैसे खर्च करते.

क्रम चुकवू नका. आधी जलवाहिनी आणि भुयारी गटार, मग रस्ता. पाणीपुरवठा विभागाला 'या रस्त्यावर पुढील तीन वर्षांत वाहिनी टाकायची आहे काय' असं विचारून लेखी उत्तर घेतल्याशिवाय काँक्रिटीकरणाला हो म्हणू नका.

प्रभागातलं कुठलंही काम, स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या नावाने, आडून किंवा उघड, घेऊ नका. पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असला तर सदस्यत्व जातं. अनधिकृत बांधकामाबाबतही तसंच आहे, जोडीदाराचं किंवा अवलंबून असलेल्याचं असलं तरीही.

काम झालं की त्याची फाइल बंद करून एका कपाटात लावा: पत्र, पोच, ठराव क्रमांक, कार्यारंभ आदेश, आधीचा आणि नंतरचा फोटो. आरक्षणांचा तक्ता त्याच कपाटात पहिल्या कप्प्यात. माझी मुदत संपली तेव्हा मी त्याची एक प्रत नव्या सदस्याला नेऊन दिली. पक्ष वेगळा होता. शाळेच्या आरक्षणाची दहा वर्षं पुढच्या जूनमध्ये भरत होती, ती ओळ मी लाल पेनाने अधोरेखित केली होती.